दोन लाखांचं पिस्तूल घेताना पैसे नेमके कशाचे देतो?

आधी एक खुलासा करतो, कारण आपण नगरकर आहोत. (अहिल्यानगर म्हणायला हवं, पण जिभेला अजून वळण पडायचंय.) आपल्याकडच्या पेपरात 'पिस्तूल' शब्द आला की मागोमाग 'गावठी कट्टा', 'जिवंत काडतुसे' आणि 'सापळा रचून' हे ठरलेलंच. आजचा विषय तो नाही. आज बोलायचंय ते दहा मीटर एअर पिस्तूलबद्दल, म्हणजे मनू भाकर 2024 ला पॅरिसमध्ये ज्यावर ब्राँझ घेऊन आली ते. यात दारू नाही, काडतूस नाही. दाबलेली हवा 4.5 मिलिमीटरचा शिशाचा छर्रा ढकलते. बाहेर पडताना छर्ऱ्याची ऊर्जा साधारण सहा ज्यूल. आपल्या 2016 च्या शस्त्र नियमांनुसार .177 बोअर आणि 20 ज्यूलच्या आतल्या एअर वेपनला लायसन्स लागत नाही.

तरी किंमत ऐकली की लोक परत विचारतात, "किती म्हणालास?" मी चौकशी केली तेव्हा नव्या मॅच पिस्तुलाचे आकडे दीड लाखाच्या वरून सुरू होऊन अडीच लाखांच्या पुढे जात होते.

हा भाग करायचं कारण घरचंच आहे. माझे मामा राहुरी तालुक्यात असतात. थोडा ऊस आणि गोठ्यात पाच गायी. त्यांची मुलगी पंधरा वर्षांची आहे, दीड वर्षापासून शूटिंग करते आणि हात खरंच चांगला आहे. क्लबचं पिस्तूल चार जणांत मिळून वापरतात. तिच्या कोचने सांगितलं, आता स्वतःचं घ्या, आणि एका कंपनीचं टॉपचं मॉडेल लिहून दिलं. मामांचा हिशोब असा: दोन गायी विकायच्या, उरलेले सोसायटीतून काढायचे. मामी म्हणाल्या, "अरे, तू इंजिनिअर ना? मग सांग की त्या दोन लाखाच्या वस्तूत दोन लाखाचं काय आहे."

प्रश्न एकदम बरोबर होता. मी सॉफ्टवेअरवाला, बंदूकवाला नाही. पण चार वर्षं शनिवार-रविवार हौसेने शूट करतो, आणि एखादी वस्तू उघडून आत काय चाललंय ते बघायची खोड आहे.

आधी बाजार बघू. नावं मोजकीच आहेत: स्वित्झर्लंडची मोरिनी, ऑस्ट्रियाची स्टायर, जर्मनीच्या वॉल्थर आणि फाइनवेर्कबाऊ, इटलीची पार्दिनी. तुम्ही बालेवाडीला किंवा वरळीला एखाद्या मॅचला गेलात तर लाइनवर हीच दिसतील. आपल्या ठाणे जिल्ह्यातली प्रीसिहोल एअर रायफली चांगल्या करते. तिची मूळ कंपनी खोल भोकं पाडायची मशिनं बनवते, आणि त्या कामाला कारखान्यात 'गन ड्रिलिंग'च म्हणतात. म्हणजे ही मंडळी नावातच बंदूक घेऊन आली होती. असो. पण पिस्तुलात टॉपला अजून युरोपच आहे.

आता अचूकतेचं गणित करू. दहा मीटरच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ 11.5 मिलिमीटरचं असतं, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं. छर्ऱ्याची कड वर्तुळाला नुसती शिवली तरी दहा मिळतात. म्हणजे छर्ऱ्याचं केंद्र मध्यापासून आठ मिलिमीटर लांब गेलं तरी चालतं. कंपनी पिस्तुलाबरोबर टेस्ट कार्ड देते: पिस्तूल शिकंज्यात आवळून मारलेले पाच छर्रे. त्या पाच छर्ऱ्यांचं मिळून जवळजवळ एकच भोक दिसतं. महाग पिस्तुलाच्या कार्डावर दिसतं आणि त्याच कंपनीच्या स्वस्त मॅच पिस्तुलाच्या कार्डावरही दिसतं. म्हणजे बॅरल हा प्रश्नच नाही. या दर्जाचं कुठलंही पिस्तूल कोणाही माणसापेक्षा कितीतरी सरळ मारतं.

चुकतो तो हात. पुढची साइट आणि मागची साइट यांच्यात साधारण 330 मिलिमीटर अंतर धरा. पुढची साइट पाव मिलिमीटर इकडेतिकडे झाली, की दहा मीटरवर आठ मिलिमीटर गेले आणि दहाचा नऊ झाला. पाव मिलिमीटर! आणि एक किलोच्या आसपासची वस्तू एका हाताने, हात लांब करून धरायची आहे. मॅचमध्ये 60 शॉट असतात आणि त्यासाठी सव्वा तास.

मग जास्तीचे पैसे जातात कुठे? माझ्या मते पैसे जातात त्या शेवटच्या क्षणात. तुम्ही ट्रिगर दाबता आणि छर्रा बॅरलबाहेर पडतो, त्या काही मिलिसेकंदांत पिस्तूल तुमचा हात कमीत कमी कसं हलवेल, यात.

ट्रिगर घ्या. नियम म्हणतो, किमान 500 ग्रॅम. मॅचच्या आधी ज्युरी खरंच अर्धा किलोचं वजन टांगून तपासतात. चांगला ट्रिगर दोन टप्प्यांचा असतो. पहिल्या टप्प्यात बरंचसं वजन घेतलं जातं, मग बोटाला एक भिंत लागते, आणि त्या भिंतीपलीकडे थोडंसंच दाबायचं. ती भिंत प्रत्येक वेळी त्याच जागी, तेवढीच लागली पाहिजे. आमच्या धंद्यातल्यांना सांगतो: इथे लेटन्सी किती आहे त्याला फार महत्त्व नाही, जिटर किती आहे त्याला आहे. ट्रिगर जरा जड असला तरी मेंदू शिकतो. दर वेळी वेगळा असला तर काय शिकणार?

इथे इलेक्ट्रॉनिक की मेकॅनिकल हा वाद येतो. मेकॅनिकलमध्ये दोन धातूचे भाग एकमेकांवरून निसटतात. ती धार काळानुसार झिजते, तिला तेल आणि साफसफाई लागते. इलेक्ट्रॉनिकमध्ये बोटाने फक्त एक संपर्क जुळतो, बाकीचं काम सर्किट करतं. बोटाला एकदम स्वच्छ लागतो, यात वाद नाही. मी दोन्ही चालवलेत आणि पहिल्या दहा शॉटमध्येच फरक कळतो. किमतीतही कळतो.

पण 25 जुलै 2021 आठवा. टोकियो ऑलिम्पिक, महिलांची दहा मीटर एअर पिस्तूल. मनू भाकरच्या पिस्तुलात मॅचच्या मध्येच बिघाड झाला. पिस्तूल घेऊन लाइन सोडून जावं लागलं, दुरुस्ती झाली, ती परत आली आणि राहिलेले शॉट घाईत मारावे लागले. गुण 575, बारावा नंबर. फायनल दोन गुणांनी हुकली. तिच्याबरोबर कोच होते, ऑलिम्पिकची सगळी सोय होती, तरी वेळ जायचा तो गेला. आता हेच राहुरीत झालं तर? सर्किट गेलं तर पिस्तूल मुंबई-दिल्लीला जाणार, पार्ट परदेशातून येणार, आणि तोवर पोरगी काय करणार? मेकॅनिकल असेल तर लाइनवरचा एखादा सिनियर अ‍ॅलन की काढून बघतो तरी. इलेक्ट्रॉनिक वाईट आहे असं मी म्हणत नाही. जगातले कितीतरी टॉपचे शूटर तेच वापरतात. पण त्यांच्याकडे दुसरं पिस्तूल बॅगेत असतं. किमतीची तुलना करताना हे दुसरं पिस्तूल कोणी धरतच नाही.

आणखी एक महागडी गोष्ट म्हणजे अ‍ॅब्सॉर्बर. शॉटचा झटका खायला आत एक वजन उलट दिशेला सरकतं. स्टायरचं यासाठी नाव आहे, आता बाकीचेही देतात. उपयोग आहे, पण 530 मारणाऱ्या मुलीला त्याचा उपयोग 570 वाल्याइतका नाही. हे माझं मत, कोच लोक भांडतील.

आता येतो खऱ्या 'कस्टम' भागावर. बॅरल, ट्रिगर, सिलिंडर हे सगळं कारखान्यातून एकसारखं येतं. माणसागणिक वेगळी असते ती फक्त ग्रिप, म्हणजे मूठ. लाकडाची, स्मॉल-मीडियम-लार्जमध्ये येते, तळहाताखाली सरकवता येईल असा आधार असतो. मूठ बरोबर बसली तर डोळे मिटून हात उचला, डोळे उघडा, साइट सरळच दिसल्या पाहिजेत. नाही दिसल्या तर तुम्ही दर शॉटला मनगट वळवून त्या सरळ करताय, आणि चाळिसाव्या शॉटला मनगट म्हणतं, पुरे झालं.

जर्मनीत रिंक नावाचे कारागीर आहेत, ते हाताच्या मापावरून ग्रिप बनवून देतात. सुंदर काम असतं आणि त्याची किंमतही तशीच. आपल्याकडे वर्षानुवर्षं लोक काय करतात? कानस, सँडपेपर आणि एम-सील. जिथे टोचतं तिथे घासायचं, जिथे पोकळ लागतं तिथे भरायचं. दिसायला ती मूठ भांड्याला डाग दिल्यासारखी दिसते. पण एका डाग दिलेल्या मुठीने मारलेले दहा आणि रिंकच्या मुठीने मारलेले दहा सारखेच मोजतात. मामेबहिणीचा तळहात लहान, बोटं लांब. मीडियम ग्रिप तिला सैल होती आणि स्मॉलमध्ये बोट ट्रिगरवर तिरकं पडत होतं. हे आम्हाला क्लबमधली दोन वेगवेगळी पिस्तुलं तासभर नुसती धरून बघितल्यावर कळलं. कोचने लिहून दिलेल्या मॉडेलमध्ये हा प्रश्न सुटत नव्हता. तिथे दोन लाख दिल्यावरही कानस लागणारच होती.

मग मी मामींना दुसरा हिशोब मांडून दाखवला, छर्ऱ्यांचा. रोज 80 शॉट, वर्षाला 300 दिवस, म्हणजे 24,000 छर्रे. पाचशेची डबी, म्हणजे 48 डब्या. मॅचच्या छर्ऱ्यांची डबी हजाराला धरली तर वर्षाला 48,000 रुपये. चार वर्षांत एक लाख ब्याण्णव हजार, म्हणजे पिस्तुलाएवढेच. यात पुण्या-मुंबईच्या मॅचचं एसटीचं भाडं, मुक्काम आणि एन्ट्री फी अजून धरलेली नाही. दुधाचा पगार दर दहा दिवसांनी येतो. दोन गायी गेल्या की तो पगारही कमी येणार, आणि छर्रे त्याच पगारातून यायचे होते. मामी इतकंच म्हणाल्या, "म्हणजे पिस्तूल येईल आणि गोळ्या नसतील."

आम्ही सेकंडहँड शोधलं. एका सिनियर शूटरने इलेक्ट्रॉनिक घेतलं होतं आणि त्याचं जुनं मेकॅनिकल विकायला होतं, एक लाख दहा हजारांना. ज्यांना असं घ्यायचंय त्यांच्यासाठी आम्ही काय तपासलं ते सांगतो, कारण इथेच पैसे बुडतात.

सगळ्यात आधी सिलिंडर. यात 200 बारपर्यंत हवा असते. त्यावर तारीख कोरलेली असते आणि मुदत जास्तीत जास्त दहा वर्षांची. मुदत संपलेला सिलिंडर मॅचमध्ये चालत नाही, आणि तो बदलायची जबाबदारी नियमानुसार खेळाडूची. मॅचचं सोडा, 200 बारची बाटली चेहऱ्याजवळ धरायची आहे, त्यात घासाघीस करू नका. आम्हाला मिळालेल्यातल्या एका सिलिंडरची तीन वर्षं बाकी होती आणि दुसऱ्याची संपली होती. संपलेला आम्ही किमतीत धरलाच नाही.

मग गळती. रात्री गेजचा आकडा लिहून ठेवा, सकाळी बघा. मग क्रोनोग्राफ मिळाला तर वीस शॉटचा वेग मोजा. सेकंदाला दोन-तीन मीटरचा फरक चालेल, आकडे वर-खाली उड्या मारत असतील तर रेग्युलेटर गेलाय. मग शिकंज्यात आवळून, रबर लावून, पाच शॉट. ट्रिगर वीस वेळा कोरडा ओढायचा आणि दर वेळी भिंत तिथेच लागते का ते बघायचं. मूळ बिल आणि आयातीची कागदपत्रं हातात घेतल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. विकणारा ओळखीचा असला तरी.

आणि हवा भरायची कशी, हेही आधी ठरवा. मोठ्या शहरात डायव्हिंगची टाकी भरून मिळते. नगरला समुद्र नाही, मुळा धरणावर कोणी डायव्हिंग करत नाही. हातपंपाने भरता येते, घाम निघतो, आणि पावसाळ्यात हवेतला ओलावाही आत जातो. ओलावा धरणारा फिल्टर लावलेला पंप घ्या.

एकच गाय विकली. ग्रिपला आठ दिवस लागले: मी मोबाइलने हात स्कॅन करून थ्रीडी प्रिंटचा एक नमुना काढला, तो बऱ्यापैकी बसला, पण शेवटी ओळखीच्या सुताराने लाकडावरच कानस चालवली आणि ते जास्त चांगलं झालं. बहीण आधी 60 शॉटला 530 च्या आसपास मारायची. तीन महिन्यांनी 548 मारले. हे पिस्तुलामुळे, ग्रिपमुळे, की आता रोज हात लावायला मिळतो म्हणून, हे मी सांगू शकत नाही. तिघांना वेगळं करायला दुसरी मामेबहीण लागेल. कोच अजून म्हणतात की नवंच घ्यायला हवं होतं. ती 570 ला पोचली तर मीही म्हणेन, तोवर मात्र डब्या मोजत बसू.

मागच्या भागावर आलेला एक प्रश्न राहिला. डावखुऱ्यांचं काय? अवघड आहे. पिस्तूल तेच असतं पण ग्रिप डावी लागते. सेकंडहँडमध्ये ती क्वचित मिळते, आणि उजवी घासून डावी होत नाही. डावी ग्रिप वेगळी मागवावी लागते, त्यामुळे सौदा करताना तेवढे पैसे सरळ वजा करून बोला. विकणाऱ्याला राग येतो, पण देतो.

पुढच्या वेळी 25 मीटरच्या .22 पिस्तुलाबद्दल बोलू, ज्यावर आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतने 2018 च्या एशियाडला सोनं घेतलं. तिथे लायसन्सही लागतं, त्यामुळे तो भाग जरा लांबेल.