अलंकार: पुस्तकातील आणि जात्यावरील

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



काव्यातील अलंकारांविषयी चार शब्द बोलावेत, अशी मंडळाची आज्ञा झाली. आम्ही पुष्कळ वर्षे शाळेत मराठी शिकविली. मुले अलंकारांच्या व्याख्या घडाघडा म्हणतात. परंतु घरात आजी ओवी म्हणू लागली, तर तीतही अलंकार आहे हे त्यांच्या ध्यानी येत नाही. अलंकार म्हणजे परीक्षेतील गुणांची सोय, असाच त्यांचा समज असतो.

आपल्या परभणी जिल्ह्यातील शेताचेच उदाहरण घेऊ. ‘ज्वारीचे दाणे मोत्यांसारखे टपोरे आहेत’ ही उपमा होय. दाणे हे उपमेय, मोती हे उपमान, टपोरेपणा हा समान धर्म आणि ‘सारखे’ हा साम्यदर्शक शब्द. ‘हे दाणे जणू मोतीच’ असे म्हणताच उत्प्रेक्षा झाली. आणि ‘दाणे हेच आमचे मोती’ असे म्हटले की रूपक झाले. दाणे तेच, परंतु बोलणाराचा जीव त्यांत जसजसा गुंततो, तसतसे उपमेय व उपमान यांतील अंतर मिटत जाते. म्हणूनच अलंकार हा वरून चढविलेला दागिना नव्हे. उत्कट भावनेने भाषेला आलेले ते रूप आहे.

याची साक्ष गोदाकाठच्या गंगाखेडची संत जनाबाई देते. नामदेवांच्या घरी ती दासी होती. तिच्या नावावर सुमारे ३५० अभंग आहेत. विठ्ठल आईसारखा आहे, एवढ्यावर ती थांबत नाही. तो तिची आईच होतो. हे रूपक. तिच्या अभंगांत देव तिच्याबरोबर दळावयास बसतो. जिची घरात गणती नाही, तिच्या जात्याचा खुंटा प्रत्यक्ष देव धरतो, ही केवढी मोठी गोष्ट त्या कल्पनेने सांगितली!

हाच वारसा आपल्या माताभगिनींनी चालविला. जात्याला सजीव मानून त्याच्याशी सुखदुःख बोलणे ही चेतनगुणोक्ती. ओवीच्या चरणांचा शेवट जुळविणे हे यमक. गी प्वातवाँ व हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या, यावरून या भांडाराची कल्पना यावी.

परंतु पिठाची गिरणी आली आणि जाते मागे पडले. स्त्रियांचे कष्ट कमी झाले, हे उत्तमच झाले. मात्र ओवी आता काही वृद्धांच्या कंठातच उरली आहे. तो कंठ मिटला की ती ओवी कायमची गेली.

म्हणून आमची एकच विनंती आहे. प्रत्येक घरातील मुलाने अथवा मुलीने आपल्या आजीजवळ बसून निदान दहा ओव्या वहीत उतरून घ्याव्यात. खाली तिचे नाव व गाव लिहावे. मोबाईलमध्ये तिचा आवाजही टिपावा. मग त्या ओवीतील अलंकार ओळखावा. तो त्यांना व्याख्येपेक्षा लवकर कळेल आणि आपली आजीही कवयित्री आहे, हे प्रथमच उमगेल.