जीन आणि इंजिन

श्रोतृजनांपैकीं कोणी जळगांव वा धुळें येथील कापूसबाजारांत गेलें, तर 'जीन' व 'जिनिंग' हे शब्द त्याच्या कानांवर पडल्यावांचून राहणार नाहींत. जीन म्हणजे कापसांतील सरकी काढण्याचा कारखाना. घोड्याच्या पाठीवरील जीन फारसी, आणि जिन नांवाची दारू ज्युनिपर या झुडपाच्या फळावरून नांव पावलेली. कापसाच्या जिनाचें या दोहोंशीं कांहीं नातें नाहीं.

त्याचें नातें आहे तें इंजिनाशीं. लॅटिन भाषेंत 'इंगेनियम' म्हणजे उपजत बुद्धि. हा शब्द फ्रेंचमधून इंग्रजींत आला, तेव्हां त्याचा अर्थ प्रथम चातुर्य, मग युक्ति आणि शेवटीं युक्तीनें बनविलेलें साधन असा होत गेला. आरंभींचें अक्षर गळून 'जिन्' उरलें. या आखूड रूपाचा एक जुना अर्थ सापळा असाही होता. अठराव्या शतकाच्या अखेरीस त्याचें क्रियापद झालें: 'टु जिन्', म्हणजे रुई व सरकी वेगळी करणें. भुसावळच्या स्थानकांतील इंजिन आणि जळगांवचें जीन हीं अशीं एकाच घरचीं भावंडें होत.

सापळ्याचा तो जुना अर्थ पुढें वेगळ्या रीतीनें खरा ठरला. एली व्हिटने यानें १७९४ सालीं आपल्या दांतेरी यंत्राचें पेटंट मिळविलें. सरकी झपाट्यानें निघूं लागली, कापसाचा पेरा वाढला, आणि तो वेंचण्यास गुलामांचे हात अधिक लागूं लागले. अमेरिकेंत १७९० मध्यें सुमारें ७ लक्ष गुलाम होते; १८६० मध्यें ते सुमारें ३९ लक्ष ५० हजार झाले. गुलामगिरीच्या प्रश्नावरून तेथें १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झालें, इंग्लंडला अमेरिकेचा कापूस मिळेना, आणि खानदेशच्या कापसास सोन्याचा भाव आला. जळगांवची पेठ त्याच काळांत भरभराटली.

यंत्रें येण्यापूर्वीं हें काम हातचरकीवर होई. दोन लाटांमधून रुई पुढें जाई व सरकी मागें पडे. आजही भारतांतील बहुतेक जिनांत व्हिटनेचे दांते नसून लाटेचींच यंत्रें चालतात. १०० किलो कापसांतून सुमारें ३३ ते ३५ किलो रुई निघते. उरलेल्या सरकीचें तेल होतें आणि पेंड गुरांच्या मुखीं जाते.

वेंचणें, पिंजणें, कातणें, विणणें हीं कापसाचीं क्रियापदें मराठींत आजही नांदत आहेत. मधल्या एका क्रियेस मात्र बाजारानें 'जिनिंग करणें' असा जोडशब्द पत्करला. 'वटणी' हा मराठी शब्द पुस्तकांत राहिला. कारण उघड आहे. पिंजण्याचें व कातण्याचें काम लोकांनीं घरांत, डोळ्यांसमोर पाहिलें. सरकी काढण्याचें काम घर सोडून कारखान्याच्या भिंतींआड गेलें. जें काम हातांतून सुटतें, त्याचें क्रियापदही हळूहळू जिभेवरून सुटतें.