घरच्या संगणकातील प्रयोगशाळा



“चूक होईल म्हणून मी संगणकाला हात लावत नाही,” असे आपल्या मुलांकडून, विशेषतः मुलींकडून, मी नेहमी ऐकतो. रसायनशास्त्राच्या वर्गात परीक्षानळी फुटली तर भरपाई द्यावी लागते. संगणकाची आज्ञावली चुकली तर बहुधा पडद्यावर चुकीचा संदेश उमटतो, एवढेच. मग भीती कशाची?

अशा निर्भय सरावासाठी ज्युपिटर नोटबुक हे विनामूल्य साधन आहे. फर्नांडो पेरेझ यांनी २००१ साली सुरू केलेल्या आयपायथनमधून २०१४ साली हा प्रकल्प उभा राहिला. ज्युलिया, पायथन आणि आर या तीन संगणकभाषांवरून त्याचे नाव पडले.

पायथन व ज्युपिटर एकदा संगणकावर बसवून ‘ज्युपिटर नोटबुक’ ही आज्ञा दिली की ब्राउझर उघडतो. पत्त्याच्या जागी लोकलहोस्ट आणि बहुधा ८८८८ हा आकडा दिसतो. लोकलहोस्ट म्हणजे तुमचाच संगणक! ब्राउझर हे केवळ दार. हिशेब करणारा ‘कर्नल’ आतच बसलेला असतो. म्हणून इंटरनेट बंद पडले तरी अभ्यास अडत नाही. चौकटीत दोन ओळी लिहा, शिफ्ट आणि एंटर दाबा. उत्तर खालीच मिळते. चुकले तर बदला आणि पुन्हा चालवा.

मात्र दोन गोष्टी ध्यानात ठेवा. येथे दिलेली आज्ञा खरीच पाळली जाते. फाइल पुसायला सांगाल तर ती पुसली जाईल. म्हणून परक्याची आज्ञावली वाचल्याशिवाय चालवू नका.

दुसरी गोष्ट माझ्या फजितीची आहे. गुणांची सरासरी काढताना मी एक चौकट पुसली. तरी उत्तर येतच राहिले आणि मी निश्चिंत झालो. दुसऱ्या दिवशी सहकाऱ्यांसमोर तेच पान चालेना! पुसलेल्या चौकटीतील संख्या कर्नलच्या स्मरणात तेवढी उरली होती. संगणक बंद होताच तीही गेली. तेव्हापासून कर्नल नव्याने सुरू करून सर्व चौकटी वरून खाली क्रमाने चालविल्याशिवाय मी कोणतेही उत्तर खरे मानीत नाही.

मित्रहो, पाठ केलेले उत्तर परीक्षेपुरते टिकते. स्वतः पडताळलेले उत्तर आयुष्यभर सोबत करते. आज घरी जाऊन एक चौकट उघडा आणि बेधडक पहिली चूक करा. शिक्षणाची सुरुवात तेथूनच होते.