उद्याचा आहार, उद्याचे उपचार आणि आपली वस्ती

(नागपूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संयोजकांनी आम्हांस विषय दिला आहे, ‘येत्या काळातील पर्यायी आरोग्य आणि आहार’. विषय कळताच आमचे एक ज्येष्ठ सहकारी हसून म्हणाले, “म्हणजे आता तुम्ही पत्रिका मांडणार काय?” पत्रिका आम्ही मांडत नाही. परंतु मागे काय घडले ते नीट पाहिले तर पुढे काय घडेल याचा थोडाफार अंदाज बांधता येतो. म्हणून आजचे बोलणे आम्ही एका मूठभर डाळीपासून सुरू करतो.

लाखोळी आपणा सर्वांना ठाऊक आहे. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूरकडील मंडळी तिला लाखोरी म्हणतात. धान कापणीला येण्याआधीच उभ्या पिकात, ओल्या बांधीत ती फेकून द्यायची. नांगर नको, पाणी नको, खताचे नाव नको. कोवळ्या पाल्याची भाजी, डाळीचे वरण, सणाला वडे. ज्याच्या घरी काही नाही त्याच्या घरी लाखोळी असे.

१९६१ साली या डाळीच्या विक्रीवर बंदी आली. कारण खोटे नव्हते. लाखोळीत मज्जातंतूंना बाधक असा एक घटक असतो आणि महिनोन्‌महिने मुख्य अन्न म्हणून हीच डाळ खाल्ली तर माणसाचे पाय कायमचे लुळे पडतात. मध्य प्रदेशात रीवा भागात अशी माणसे मोठ्या संख्येने सापडली. पण ती कोण होती? वेठबिगार होती, आणि त्यांना मजुरीच या डाळीच्या रूपाने मिळत होती. दुसरे धान्य घरात नाही, दुष्काळ पडलेला, तेव्हा सकाळ-संध्याकाळ तेच खायचे. म्हणजे विष डाळीत होते हे खरे, पण ते शरीरात इतके साठवले कोणी, याचेही उत्तर द्यायला हवे होते. कायद्याने डाळीला गुन्हेगार ठरवले आणि वेठबिगारीचा प्रश्न पुढच्या पिढीवर सोडला.

या बंदीविरुद्ध आपल्या नागपुरातून आवाज उठला. अकॅडमी ऑफ न्यूट्रिशन इम्प्रूव्हमेंट या संस्थेचे डॉ. शांतिलाल कोठारी यांनी त्यासाठी वर्षानुवर्षे लढा दिला, उपोषणे केली. इतर अन्नासोबत बेताने खाल्लेली लाखोळी अपाय करीत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. दरम्यान शास्त्रज्ञांनीही कमी विषारी वाण तयार केले आणि २०१६ मध्ये भारतीय कृषी संशोधन परिषदेने रतन, प्रतीक आणि महातिवडा या तीन वाणांची शिफारस केली. पंचावन्न वर्षे लागली.

याच संस्थेने आयोडीनयुक्त मिठाच्या सक्तीविरुद्धही सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली होती. २०११ मध्ये न्यायालयाने तो जुना नियम कायद्याच्या कक्षेबाहेरचा ठरवला, मात्र लोकांच्या आरोग्याचा विचार करून त्याला सहा महिन्यांची मुदतही दिली. मिठाबाबत आम्ही त्यांच्या बाजूचे नाही. गरोदर बाईला आयोडीन कमी पडले तर बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते, हे पुष्कळ देशांत दिसून आले आहे. एकच माणूस डाळीबाबत बरोबर असू शकतो आणि मिठाबाबत त्याचे आपल्याला पटणार नाही. आहाराच्या बाबतीत माणूस पाहून मान डोलावण्याची आपली सवय फार महागात पडते, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

आता ज्वारीकडे पाहा. आमच्या लहानपणी घरात पोळी झाली की पाहुणे आले असे समजायचे. एरवी ज्वारीची भाकर, कण्या, आंबील, सोबत जवसाची चटणी नाहीतर आंबाडीची भाजी. रेशनमधून गहू-तांदूळ मिळू लागला, शेतात सोयाबीन आले, आणि भाकर ही गरिबीची खूण समजून आपणच ती ताटातून बाजूला केली. आमच्या आईने पोळ्या करायला शिकल्याचा अभिमान आम्ही पाहिला आहे, त्याला हसण्याचा अधिकार कोणाला नाही. पुढे २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्य वर्ष म्हणून पाळले आणि त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात या धान्यांना ‘श्री अन्न’ म्हटले गेले. आज धरमपेठेतल्या दुकानात जवस छोट्या पाकिटात मिळते आणि त्यावर ‘ओमेगा-तीन’ असे छापलेले असते. तेच जवस, फक्त पाकीट नवे.

तेव्हा आमचा पहिला अंदाज असा की जे जे आपण लाजेने टाकले ते ते परत येईल. मोहफूल येईल, आंबाडी येईल, लाखोळीही येईल. मात्र ते येईल तेव्हा त्याचा भाव आपल्या खिशाला झेपेल असे नाही.

पण सगळेच परत येणार नाही, हेही ओळखून असावे. शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे पुस्तक ज्यांनी वाचले असेल त्यांना आम्ही काय म्हणतो ते कळेल. मराठवाड्यातील मांग-महारांच्या घरचे पदार्थ त्यात आहेत, त्यांतले कितीतरी मांसाचे आहेत आणि पाकशास्त्राच्या पुस्तकांत त्यांना कधी जागा मिळाली नव्हती. नव्या ‘पारंपरिक आहारा’ची यादी करणारे लोक आपली परंपरा मोजत नाहीत. शाळेतल्या अंड्याचेच पाहा. २०२३ च्या नोव्हेंबरात राज्य सरकारने पोषण आहारात आठवड्यातून एक अंडे, न खाणाऱ्यास केळी, असे ठरवले आणि २०२५ च्या जानेवारीत अंड्यासाठीचा निधी बंद केला. स्वस्त आणि पूर्ण प्रथिनाची एक वस्तू होती, ती गेली.

आता आम्ही त्या विषयाकडे वळतो ज्यासाठी खरे तर येथे उभे आहोत. सिकलसेल. आपल्या वस्तीत असे घर विरळाच, जिथे हा शब्द ऐकलेला नाही. १९५८ साली नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. शुक्ला आणि डॉ. सोळंकी यांनी मध्य भारतातील या दोषाबद्दल ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले. तेव्हापासून विदर्भातील आपला समाज आणि आदिवासी बांधव यांच्या रक्ताची चर्चा चालू आहे. आई आणि वडील दोघेही वाहक, म्हणजे एएस असले, तर प्रत्येक बाळंतपणात बाळ एसएस होण्याची शक्यता चारांत एक असते. ‘पहिले झाले, आता दुसऱ्याला होणार नाही’ असा हिशेब नसतो. दर वेळी चारांत एक.

आणि जिथे बरा न होणारा आजार असतो तिथे पर्यायी उपचाराचे दुकान थाटले जातेच. आमच्याच एका शिबिराची गोष्ट सांगतो. एका चूर्णवाल्याने देणगी दिली, स्मरणिकेला पानभर जाहिरात दिली, आणि बदल्यात शिबिरात टेबल मागितले. आम्ही ते दिले. ‘सिकलसेल मुळापासून नष्ट’ असा त्याचा फलक होता. तो फलक आम्ही वाचला होता, वाचला नव्हता असे आज म्हणणार नाही. एका माउलीने आपल्या नऊ वर्षांच्या मुलासाठी ते चूर्ण नेले आणि हायड्रॉक्सियुरियाची गोळी बंद केली. तिचे बरोबरच होते, कारण समाजाच्या शिबिरात मिळालेले औषध खोटे कसे असेल? डिसेंबरच्या थंडीत मुलाचे हातपाय दुखू लागले, मग छाती भरली. दहा दिवस तो दवाखान्यात होता. वाचला. त्याच्या आईने आम्हांला एक शब्द बोलून दाखवला नाही आणि तेच आम्हांला अधिक लागले.

वनस्पतीतून औषध निघत नाही असे आमचे म्हणणे नाही. नायजेरियात सिकलसेलसाठी वनस्पतींपासून केलेले एक औषध रीतसर चाचण्या करून पुढे आणले गेले. ग्लुटामाइन हा तर आपल्या रोजच्या अन्नातल्या प्रथिनाचाच घटक, त्याची शुद्ध भुकटी अमेरिकेत २०१७ मध्ये सिकलसेलचे औषध म्हणून मान्य झाली. ते हा आजार नाहीसा करत नाही, दुखण्याचे झटके कमी करते, आणि तेवढेच सांगते. उलट व्हॉक्सेलोटर नावाचे महागडे आधुनिक औषध २०१९ मध्ये मान्य झाले आणि २०२४ मध्ये कंपनीने जगभरातून परत घेतले, कारण पुढील नोंदींत धोका दिसला. औषध परत घेतले गेले ही आम्हांस भरवशाची गोष्ट वाटते. कोणीतरी रुग्ण मोजत होते. आमच्या शिबिरातल्या चूर्णाचे रुग्ण कोणी मोजले?

हाच प्रश्न सरकारलाही विचारावा लागतो. लोह, फोलिक अॅसिड आणि बी-बारा घातलेले दाणे, शंभरात एक या प्रमाणात मिसळलेला तांदूळ रेशनवर आला. दाणे पाण्यावर तरंगले म्हणून बायकांनी ‘प्लास्टिकचा तांदूळ’ म्हणून निवडून फेकले. तो प्लास्टिकचा नव्हता. पण २०१८ च्या नियमांत असे होते की सिकलसेलच्या रुग्णांनी लोहयुक्त अन्न घेऊ नये ही सूचना पाकिटावर छापावी. रेशन दुकानात तांदूळ पोत्यातून मापून मिळतो, सूचना वाचायची कुठे? पुढे समितीने तपासून अपायाचा पुरावा नाही असे सांगितले आणि २०२४ मध्ये ती सूचनाच काढण्यात आली. ज्यांना वारंवार रक्त चढवावे लागते त्यांच्या शरीरात लोह साठते, तर काही सिकलसेल रुग्णांत लोह कमीही असते. म्हणून ज्या घरी एसएस रुग्ण आहे त्यांनी डॉक्टरांकडून लोह तपासून घ्यावे. शेजारणीचे ऐकून भात सोडू नये आणि लोहाच्या गोळ्याही मनाने सुरू करू नयेत.

पुढचे आम्हांस असे दिसते. फोनवरून आहार सांगणारे वाढतील. थेंबभर रक्त घेऊन ‘तुमच्या जनुकांप्रमाणे जेवा’ असे सांगणाऱ्या कंपन्या गल्लीपर्यंत येतील. सिकलसेलसाठी जनुकच दुरुस्त करणारा उपचार ब्रिटन आणि अमेरिकेत २०२३ मध्ये मान्य झाला, अमेरिकेत त्याची किंमत वीस लाख डॉलरच्या वर आहे. तो आपल्यापर्यंत यायला वेळ लागेल, पण त्याचे नाव वापरणारे भोंदू आधी येतील, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. ते इंग्रजी बोलतील आणि पांढरा कोट घालतील. लग्नाआधीची रक्ततपासणी मात्र त्यांच्यापेक्षा किती तरी स्वस्त आहे, आणि पत्रिका न पाहणाऱ्या आपल्या समाजाला वधू-वरांचा रक्तगट व सिकलसेलचा कागद पाहण्यात अडचण वाटू नये.

आपल्यापैकी एका आजींनी मघाशी विचारले, लाखोळी खावी की नाही? आजी, खा. नवीन वाणाची असेल तर बरे. रात्रभर भिजवा, ते पाणी टाका, पहिल्या उकळीचेही पाणी टाका, आणि इतर डाळींच्या पाळीत एखाद दिवस करा. रोज-रोज तीच नको.

यंदाच्या स्मरणिकेसाठी त्याच चूर्णवाल्याची जाहिरात पुन्हा आली, या वेळी मागच्या दुप्पट रकमेची. आम्ही त्यांना लेखी दोन प्रश्न पाठवले, किती रुग्णांना दिले, आणि त्यांपैकी किती जणांना वर्षभरात दवाखान्यात भरती व्हावे लागले. पुस्तक छापायला जाईपर्यंत उत्तर आले नाही. त्या पानावर आम्ही सिकलसेलची तपासणी कुठे आणि कधी होते याची माहिती छापली आहे. पैसे कमी पडले, म्हणून या वर्षी कव्हर साधे आहे.