देवाची थट्टा
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या तयारीसाठी भरलेल्या सभेतील भाषण)



यंदाच्या आपल्या गवळणीत गोपी कल्याणहून ठाण्याला लोकलने निघाल्या आहेत आणि कृष्ण पुलावर तिकिटे तपासायला उभा आहे. हे ऐकून आपल्यातल्या काहीजणींना वाईट वाटले. देवाची अशी थट्टा करावी का, असे त्यांनी विचारले. प्रश्न मनापासूनचा आहे, म्हणून दोन शब्द बोलते. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पाहिले-ऐकले तेवढेच सांगेन.

तमाशात आधी गण, म्हणजे गणपतीला नमन. मग गवळण. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणींची वाट कृष्ण आणि पेंद्या अडवतात, दह्यादुधावर कर मागतात. भांडायला पुढे होते ती मावशी. ही मावशी भागवतात शोधून सापडायची नाही! लुगडे नेसलेला पुरुषच तो. देव समोर उभा, पण ती त्याला ओळखत नाही. 'कोण रे तू, कर कसला मागतोस?' म्हणून फैलावर घेते. शेवटी ओळख पटते आणि सगळ्याजणी हात जोडतात. शिव्याही त्यालाच, नमस्कारही त्यालाच.

माझ्या पुतण्याने मध्यंतरी जपानी चित्रांचे पुस्तक आणले होते. लाकडी ठोकळे कोरून, एकेका रंगाचा निराळा ठसा उमटवून ही चित्रे छापीत. १७७० साली वारलेला हारुनोबू नावाचा चितारी यात मोठा वाकबगार. आता बोधिधर्म हा हिंदुस्थानातून चीनला गेलेला साधू. एका बोरूवर उभा राहून तो मोठी नदी तरून गेला, अशी कथा. हारुनोबूच्या चित्रात त्या बोरूवर दाढीवाल्या साधूच्या जागी उभी आहे एक नाजूक तरुणी! जणू बाजारहाट आटोपून घरी निघाली आहे. तिकडे साधूची जागा बाईने घेतली, इकडे बाईचे लुगडे पुरुषाने.

पण बोधिधर्माची कथा ज्याला ठाऊक नाही, त्याला त्या चित्रात हसण्यासारखे काय दिसणार? परवा तालमीला आलेल्या एका मुलीने मला विचारले, "काकू, पेंद्या कोण?" भगिनींनो, तिकिटाच्या थट्टेपेक्षा हा प्रश्न मला जास्त लागला.

तेव्हा माझी सूचना अशी, की गोपी गाडीत चढण्यापूर्वी मावशीने पाच मिनिटे मूळ कथा सांगावी. मावशीचे काम मी करीन. लुगडे घरचेच आहे.