निघण्यापूर्वीचा आफ्रिका-प्रवास



प्रवासाविषयी बोलायचे ते प्रवास करून आल्यावर, असा रिवाज आहे. व्याख्यानमालेच्या चिटणिसांनीही आम्हांला हेच सुचविले होते. आधी जाऊन या, आणि मग पुढच्या वसंतात बोला, असे ते म्हणाले. त्यावर आम्ही म्हटले, पुढच्या वसंतात आम्ही सिंह सांगू, हत्ती सांगू, आणि मंडळी ते आनंदाने ऐकतीलही. परंतु ज्या दीड वर्षात आम्ही चौघे बोईसरच्या आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती बसून भांडलो, ते दीड वर्ष तोवर आम्ही विसरून गेलेलो असू. म्हणून आज बोलायचे आहे ते त्या टेबलाविषयी.

बेत असा आहे. येत्या जुलैच्या अखेरीस आम्ही दोघे नवराबायको, आणि आमचे थोरले बंधू व वहिनी, असे चौघे आफ्रिकेतल्या बोट्स्वाना देशात जाणार. तिथे माऊन या गावी भाड्याच्या गाड्या घ्यायच्या, त्या स्वतः चालवायच्या, टपावर उलगडणाऱ्या तंबूत झोपायचे आणि चोवीस दिवस रानातून हिंडायचे. बरोबर वाटाड्या नाही, स्वयंपाकी नाही. देश कसा आहे याची कल्पना यावी म्हणून एकच आकडा सांगतो. क्षेत्रफळाने तो महाराष्ट्राच्या जवळजवळ दुप्पट. आणि २०२२ च्या शिरगणतीत त्याची लोकसंख्या भरली साडेतेवीस लाखांच्या आसपास. आपल्या पालघर जिल्ह्याचीच २०११ साली ती तीस लाखांच्या घरात होती! आपल्याला गाडी बंद पडली तर पाच मिनिटांत चार माणसे धक्का द्यायला आणि दहा माणसे सल्ला द्यायला जमतात. तिथे दिवसभर कोणी फिरकणारही नाही, हे गृहीत धरून निघावे लागते.

या बेताचे मूळ आमच्या दादांमध्ये आहे. दादांनी पालघरकडच्या शाळांतून तीस वर्षे भूगोल शिकविला. दरवर्षी फळ्यावर खडूने आफ्रिकेचा नकाशा काढायचा आणि दरवर्षी फडक्याने पुसायचा. निवृत्तीनंतर एकदा सहज म्हणाले, "अरे, ओकावांगो नदी समुद्राला मिळत नाही, वाळवंटात जिरते, हे मी हजारभर मुलांना सांगितलं. खरंच जिरते का, एकदा बघून यावंसं वाटतं." दादांचे वय आज एकोणसत्तर, आणि गेली बारा वर्षे ते इन्सुलिनवर आहेत. आमच्या साऱ्या तयारीची मेख इथे आहे. दादांना वगळले तर प्रवास निम्म्याने सोपा होतो. पण मग जायचे तरी कशाला?

आधी ऋतूचे सांगतो, कारण तिथेच आमचा पहिला घोटाळा झाला. आपल्याकडे पाऊस आणि पूर यांची गाठ पक्की. धामणीच्या बाजूला रात्री कोसळला की सकाळी सूर्या नदी फुगलेली दिसते. ओकावांगोचे तसे नाही. पाऊस पडतो अंगोलाच्या डोंगरात, जानेवारी-फेब्रुवारीत; आणि ते पाणी सपाट मुलखातून, लव्हाळ्यातून, इतके रेंगाळत येते की माऊनला पोचेपर्यंत जून-जुलै उजाडतो. म्हणजे आभाळात ढग नाही, गवत वाळून कोळ झालेले, आणि अशा ऐन कोरड्या दिवसांत पूर येतो! आम्ही कोरडा ऋतू म्हणून निश्चिंत होतो. नकाशावरचे अर्धे रस्ते त्याच दिवसांत पाण्याखाली असू शकतात, हे ध्यानात यायला आम्हांला तीन महिने लागले. दादा मात्र खूश झाले. म्हणाले, "परीक्षेत हा प्रश्न मी कधी घातलाच नाही."

दुसरा घोटाळा वजनाचा. मूळ बेत एकाच गाडीचा होता. कालाहारीच्या मध्यभागी जे राखीव रान आहे, त्यात आपल्यासारखे दहाएक जिल्हे सहज मावतील, आणि तिथल्या मुक्कामाच्या जागांवर पिण्याचे पाणी नाही. तेव्हा माणशी रोज पाच लिटर, पिणे आणि रांधणे मिळून. चार माणसे, सहा दिवस, अधिक दोन दिवस अडकून पडलो तर. झाले एकशेसाठ लिटर. आंघोळीचे नाव नाही. मग डिझेल. वाळूत जड गाडी लिटरला पाच किलोमीटरच्या वर जाईल असे धरू नये. सातशे किलोमीटरची फेरी धरली तर एकशेचाळीस लिटर. पाण्याचे एकशेसाठ किलो, डिझेलचे एकशेवीसच्या आतबाहेर, आणि आम्ही चौघे मिळून दोनशेसत्तर. म्हणजे तंबू, भांडी, अन्न, दोन जादा चाके यांतले काहीही न चढविता साडेपाचशे किलो भरले! आमचा जन्म तारापूरच्या कारखान्यांत देखभालीच्या कामावर गेला. यंत्रावर सोसेल त्याहून जास्त भार टाकला तर काय होते हे आम्हांला सांगावे लागत नाही. त्या रात्री दोन गाड्या ठरल्या. भाडे दुप्पट झाले, म्हणून पस्तीस दिवसांचे चोवीस केले. सौ. म्हणाल्या, "अकरा दिवस गेले, पण एक गाडी रुतली तर ओढायला दुसरी तरी असेल."

रुतण्याचा अनुभव आम्ही घरच्या घरीच घेतला. वाळूत गाडी कशी चालते ते पाहावे म्हणून एका सकाळी आम्ही चिंचणीच्या किनाऱ्यावर आमची लहान गाडी उतरविली. उतरवायला नको होती. पन्नास हातांवर चाके खाली गेली; आम्ही जोर लावला तशी आणखी खाली गेली; आणि भरती सुरू झाली. दादा घड्याळाकडे पाहू लागले. तेवढ्यात जाळी आवरणारे एक मांगेला गृहस्थ आले. त्यांनी पाहिले आणि शांतपणे म्हणाले, "काका, आधी चाकांची हवा सोडा. फुगलेलं चाक रुततं, बसकं चाक तरतं." आम्ही हवा सोडली. फळी घातली, चौघांनी ढकलले, गाडी निघाली. पुढे आम्ही ग्रंथ पाहिले तर आफ्रिकेतही पहिला नियम तोच : वाळू लागली की हवा कमी करा, घट्ट रस्ता लागला की पंप काढून पुन्हा भरा; आणि जड वाळू सकाळच्या गारव्यात ओलांडा, कारण तापलेली वाळू अधिक भुसभुशीत होते. काठाकाठाने होडी ओढण्यात ज्यांचे आयुष्य गेले, त्यांना हे कोणी शिकविण्याची गरज नव्हती.

आणखी एक धोका असा, की गाडीखाली वाळके गवत अडकते, तापलेल्या नळीला लागून पेट घेते, आणि उभी गाडी जळून जाते. म्हणून गवतातून गेले की दर थोड्या अंतराने उतरून खाली वाकून पाहायचे. हे काम आमच्याकडे आहे. गुडघे तक्रार करतील.

आता इन्सुलिनकडे येतो. पण त्याआधी दीडशे वर्षे मागे जायला हवे.

डेव्हिड लिव्हिंगस्टनचे नाव आपण शाळेत ऐकले आहे. शेवटच्या प्रवासाला तो १८६६ च्या जानेवारीत निघाला तो आपल्या मुंबईहून. बरोबर नऊ तरुण होते, ते नाशिकजवळच्या शरणपूरचे. गुलामांच्या जहाजांवरून सोडविलेली आफ्रिकी मुले तिथल्या मिशनच्या आश्रमात वाढत, शिकत, त्यांतले हे. पुढे १८७२ साली शरणपूरचाच जेकब वेनराइट त्याला जाऊन मिळाला. १८७३ साली लिव्हिंगस्टन वारला, तेव्हा ज्या सोबत्यांनी त्याचा देह महिनोन्महिने चालत समुद्रापर्यंत आणला, त्यांत हा वेनराइट होता. आणि १८७४ च्या एप्रिलमध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेत दफन झाले तेव्हा तो हजर होता. आपल्या गोदाकाठी शिकलेला मुलगा!

परंतु आम्हांला हवी आहे ती गोष्ट मधल्या काळातली. १८६७ च्या जानेवारीत दोन हमाल ओझ्यांसकट रानात पळाले. त्या ओझ्यांत औषधांची पेटी होती. क्विनीन सारे त्या एकाच पेटीत. शोधाशोध झाली, मिळाली नाही. इतका अनुभवी प्रवासी, स्वतः डॉक्टर, आणि पुढे तापाशी झुंजायचे ते त्या पेटीवाचून. दादांनी हा प्रसंग आम्हांला एका रविवारी वाचून दाखविला, पुस्तक मिटले, आणि काही बोलले नाहीत. वहिनींनी उठून इन्सुलिनच्या कुप्या दोन डब्यांत वाटल्या. एक डबा एका गाडीत, दुसरा दुसऱ्या गाडीत. तेव्हापासून आमच्या प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न : हे गेले तर दुसरे कुठे आहे? नकाशा कागदावर आणि यंत्रातही. सॅटेलाइट फोन दोन जागी. चालविणारे चारही. वहिनींचे वय बासष्ट. त्यांनी गेल्या वर्षी गाडी शिकून परवाना काढला, आणि आता बोईसर-पालघर रस्त्यावर ट्रकवाले त्यांना वाट देतात.

इन्सुलिनविषयी आमची सारी भीती उन्हाची होती. आफ्रिका म्हणजे ऊन, एवढेच डोक्यात. डॉक्टरांनी ती उलटी करून दिली. वापरात असलेली कुपी साधारण तीस अंशांच्या आत महिनाभर चालते; गाडीत फ्रिज आहे, त्यात उरलेल्या राहतील. धोका आहे तो थंडीचा. जुलै-ऑगस्टात कालाहारीची रात्र शून्याखाली उतरते, आणि एकदा गोठलेले इन्सुलिन वितळले तरी निकामी. म्हणजे रात्री डबा बाहेर ठेवायचा नाही, फ्रिजच्या थंड भिंतीला टेकवायचा नाही, तर वापरातली कुपी अंथरुणात घेऊन झोपायचे. पालघरच्या माणसाकडे स्वेटर नसतो. आमच्याकडे औषधासाठी लोकरीची पिशवी आधी विणून झाली, माणसांचे कपडे अजून घ्यायचे आहेत.

तरीही प्रश्न उरलाच. दादांचे चिरंजीव जाण्याच्या विरुद्ध आहेत, आणि त्यांचे चुकते असे आम्ही म्हणत नाही. रानातून इस्पितळ गाठायला दिवस लागेल. विमान बोलाविण्याचा विमा काढला आहे, पण विमानाला उतरायला जागा लागते, उजेड लागतो. एकदा दादाच म्हणाले, "मी तुमच्या गाडीतलं सर्वांत जड ओझं असेन तर तसं सांगा." टेबलावर कोणी बोलेना. शेवटी वहिनींनी वहीचे पान फाडून तीन ओळी लिहिल्या. साखरेचे अमुक आकडे सलग दोनदा आले तर माऊन किंवा कासाने, जे जवळ असेल तिकडे वळायचे. रात्री गाडी चालवायची नाही. रस्त्यावर गुरे आणि गाढवे असतात. आणि वळायचे की नाही हे दादांनी ठरवायचे नाही, वहिनींनी ठरवायचे. खाली चौघांनी सह्या केल्या. दादांनी सर्वांत शेवटी, आणि जरा वेळ घेऊन.

श्रोत्यांपैकी कोणी विचारील की हे निर्जन रान म्हणता, तिथे कोणीच राहत नाही का? राहत होते, आणि आहेत. ओकावांगोकाठचे मोरेमी हे राखीव रान १९६३ साली तिथल्या बटावाना लोकांनी स्वतःच्या जमिनीवर स्वतः होऊन राखले. मध्य कालाहारीची हकीकत वेगळी. तिथल्या सान लोकांना १९९७ मध्ये आणि २००२ मध्ये सरकारने बाहेर हलविले. ते न्यायालयात गेले आणि २००६ साली जिंकले. परंतु विंधनविहिरीचे पाणी काढण्याचा हक्क मिळायला २०११ उजाडले. ज्या मातीत आम्ही माणशी पाच लिटर मोजून नेणार, तिथल्या पाण्यासाठी तिथल्याच माणसांना वरच्या कोर्टात जावे लागले. आपल्याला याचे नवल वाटू नये. मोखाडा-जव्हारला पावसाळ्यात धो धो कोसळते, आणि मे महिन्यात पाड्यावरची बाई हंडा घेऊन टँकरची वाट पाहते. आम्ही पाण्याचे पिंप धुऊन भरायची तालीम केली, तेव्हा घरी भांडी घासायला येणाऱ्या जव्हारकडच्या बाईंनी विचारले, "एवढं पाणी फिरायला नेता?" उत्तर सुचले नाही.

किरकोळ बाबी भराभर सांगतो. आंतरराष्ट्रीय वाहन-परवाना आर.टी.ओ.कडून मिळतो, वर्षभर चालतो. तिथेही गाडी डावीकडूनच, ही देवाची कृपा. मुक्कामाच्या जागा कित्येक महिने आधी राखाव्या लागतात, त्यामुळे आमचा नकाशा आम्ही नव्हे, मिळालेल्या तारखांनी आखला. उत्तर भागात हिवताप आहे, गोळ्या डॉक्टरांना विचारून. मुक्कामांना कुंपण नाही. त्या देशात २०२२ च्या पाहणीप्रमाणे एक लाख बत्तीस हजारांच्या आसपास हत्ती आहेत, आणि ते तंबूंमधून वाट काढून जातात असे सांगतात. अंधार पडला की खाली उतरायचे नाही. फळे उघडी ठेवायची नाहीत. कच्चे मांस एका भागातून दुसऱ्या भागात नेता येत नाही. गुरांच्या लाळ-खुरकतीमुळे वाटेत तपासणीची फाटके आहेत.

भाजणी, मेतकूट, पोहे, डाळी यांची बांधाबांध झाली आहे. अडले आहे ते सुक्या बोंबलाशी. आमच्या सौ. सातपाटीकडच्या, चोवीस दिवस बोंबलावाचून राहणे त्यांना मान्य नाही. आमचे म्हणणे, तरसाला वास कोसभरावरून येतो आणि ते पातेलेसुद्धा पळविते. त्यावर ठरले की परीक्षा घ्यावी. बोंबील झाकणाच्या डब्यात भरून, तो डबा दुसऱ्या डब्यात घालून, रात्री अंगणात ठेवला. आमच्या मांजरीला तो अर्ध्या तासात सापडला. सौ. म्हणतात की बाहेरच्या डब्याचे झाकण सैल होते. येत्या रविवारी तिसऱ्या डब्यासह पुन्हा परीक्षा आहे.