न वाजवलेली टाळी
(बालवाडी शिक्षिकांच्या शिबिरात केलेले भाषण)



मुलांना ताल कसा शिकवावा, यावर बोलायला मला सांगितलं आहे. टाळी वाजवायला मुलांना फारसं शिकवावं लागत नाही. शिकवावं लागतं ते न वाजवणं. आज तेवढंच सांगते.

जव्हारकडच्या पाड्यांवर दोघी बायका एका उखळात भात कांडताना तुम्ही पाहिल्या असतील. एकीचं मुसळ खाली येतं तेव्हा दुसरीचं वर असतं. वरचं मुसळ आवाज करत नाही, पण ते आपली पाळी धरून असतं. पाळी चुकली तर मुसळावर मुसळ आदळेल. संगीतातला थांबा असाच असतो. तिथे आवाज नसतो, पण मात्रा असते.

वर्गात असं करा. मुलं गोल उभी करा. चार मोजा. तीन टाळ्या, आणि चौथ्याला दोन्ही तळवे उघडे. तीनतालात नवव्या मात्रेला खाली दाखवताना आपण हात बाजूला नेतो, तसंच काहीसं. खालीला तबला थांबत नाही, आपण मात्र इथे थांबायचं. पहिल्या दिवशी काही मुलं चौथ्यालाही टाळी देतील, काही घाईने पुढच्या एकवर जातील. रागावू नका. ‘काही करू नको’ हे लहान मुलाला जमत नाही, ‘हात उघड’ हे जमतं. म्हणून थांब्यालाही काम द्या. चांगलं जमलं की ती खूण काढून घ्या. मग मुलं मनात मोजू लागतील.

दोन चुका आपण करतो. सोपं व्हावं म्हणून लय फार धीमी करतो. लहानांना धीमी लयच अवघड जाते. त्यांच्या चालण्याची लय घ्या. दुसरी चूक म्हणजे थांब्यावर आपणच ‘शूऽ’ म्हणतो. मग शांतता राहिली कुठे?

टाळी जमली की पायांत आणा. तारप्याच्या नाचात धरतात तशी एकमेकांच्या कमरेला धरून साखळी करा. तीन पावलं, एक थांबा. एकाने थांबा मोडला की साखळी ओढली जाते. चूक मुलांना आपोआप कळते, आपल्याला बोलावं लागत नाही.

आता माझी चूक सांगते. चारेक वर्षांची एक मुलगी होती, घरी वारली बोलणारी. कित्येक दिवस तिने टाळीच दिली नाही. मी तिचे हात धरून वाजवून घेतले. तिने हात पाठीमागे लपवले. मी वहीत लिहिलं, ‘प्रतिसाद नाही.’ एक दिवस मुलं चौथ्या मात्रेवर चुकून टाळी देत होती आणि ही दर वेळी नेमकी तिथेच मान हलवून ‘नाही’ म्हणत होती. सगळ्या वर्गात बरोबर मोजणारी तीच होती! त्या रात्री वहीतली ती ओळ मी खोडली.

आपल्या अनेक मुलांची घरची बोली वेगळी. आपला प्रश्न ऐकायचा, उमजायचा, मग उत्तराला शब्द शोधायचा, याला वेळ लागतो. आपण मात्र क्षणभर थांबून ‘याला येत नाही’ म्हणतो आणि दुसऱ्याकडे वळतो. म्हणून विनंती एवढीच, प्रश्न विचारला की मनात सावकाश चार मोजा. मुलांना शिकवतो तो थांबा आपणही पाळू या.

तबल्यात एक बोल तीनदा वाजवून समेवर येतात, ती तिहाई. मध्ये थांबे असले तर तिला दमदार म्हणतात, नसले तर बेदम. आपल्या बालवाड्या दमदार होवोत.